पाठ दुखते आहे, तुम्ही बोला

साठी ओलांडलेल्या माजी विद्यार्थ्यांचा घोळका आता दुरूनही ओळखू येतो. पूर्वी भेट झाली की ‘सध्या कुठे?’ असे विचारले जाई आणि कराड, विटा, इस्लामपूर, मुंबई अशी उत्तरे येत. आता ‘सध्या किती?’ एवढेच विचारतात, आणि समोरचा यत्किंचितही न गोंधळता उपाशीपोटीचा व जेवणानंतरचा असे दोन्ही आकडे सांगतो. एकाच्या खिशात रक्तदाबाची गोळी, दुसऱ्याच्या सदऱ्याखाली कमरेचा पट्टा, तिसऱ्याचा चष्मा डोक्यावर आणि शोध मात्र टेबलाखाली चाललेला. साताऱ्याकडचा मित्र कंदी पेढे घेऊन येतो, सांगलीकर भडंग आणतो. पेढ्यांना साखरेमुळे आणि भडंगाला दातांमुळे नकार मिळतो, तरी संध्याकाळपर्यंत दोन्ही पुडे रिकामे होतात. हे कसे घडते याची चौकशी कोणी करू नये.

उतारवयातील किरकोळ दुखण्यांकडे हसत पाहावे, या मताचा मी आहे. परंतु हे मत मांडताना आपल्या समाजापुरती एक गोष्ट आधी बोलली पाहिजे. आपल्या आईवडिलांच्या पिढीने दुखणे कधी बोलून दाखवले नाही, कारण ती चैन त्यांना परवडणारी नव्हती. कंबर धरली की मजुरी बुडे. १९७२ च्या दुष्काळात माणदेशात आणि जत-आटपाडीच्या बाजूला खडी फोडणाऱ्या बायांच्या पाठी दुखल्या नसतील असे नाही. त्यांना कोणी विचारले नाही. त्या मुकेपणाचा वारसा आपल्याकडे आला. शिकलो, नोकऱ्या केल्या, निवृत्तिवेतन मिळू लागले, तरी दुखणे सांगण्याची लाज गेली नाही. फरक एवढाच, की ते दडवण्यासाठी त्यांच्याजवळ मौन होते आणि आपल्याजवळ विनोद आहे.

आमच्या वर्गातील एका मित्राच्या छातीत अधूनमधून कळ येई. ‘गॅस आहे, आणि तोही विनाअनुदानित,’ असे तो म्हणायचा. आम्ही पोट धरून हसायचो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत वैद्यकीय कार्य सुरू केले, तेव्हापासून उपचारासाठी दूरदूरची माणसे त्या गावी येतात. अर्ध्या तासावर राहणारा आमचा मित्र मात्र तेथे गेला नाही. त्याच्या शोकसभेतही कोणीतरी त्याचे विनोद सांगितले आणि आम्ही पुन्हा हसलो. त्या हसण्याची आठवण अजून सुखाने झोपू देत नाही. त्याला एसटीत बसवून दवाखान्यात नेण्याऐवजी आम्ही त्याला टाळ्या देत राहिलो होतो.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराला होणारी वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेपायी मन जे कुढते, चिडते, ‘माझ्याच वाट्याला का’ म्हणून झुरते, तो दुसरा. अज्ञानी माणसाला दोन्ही लागतात आणि शहाण्याला एकच. विनोदाचे काम या दुसऱ्या बाणापुरते आहे. ते तो उत्तम करतो. गुडघ्याची खिल्ली उडवणाऱ्या माणसाला गुडघा निराश करू शकत नाही. पण पहिला बाण उपटायला वैद्यच लागतो. विषारी बाण लागलेला, आणि तो कोणी मारला, धनुष्य कसले होते हे कळल्याखेरीज बाण काढू न देणारा मनुष्यही तथागतांच्याच दुसऱ्या एका उपदेशात भेटतो. तो उत्तरे मिळण्यापूर्वीच मरतो. आमचा मित्र प्रश्न विचारत नव्हता, कोट्या करत होता, एवढेच.

आपण बुद्धांची मूर्ती नेहमी ताठ बसलेली पाहतो. त्यामुळे त्यांचीही पाठ दुखत असे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. पावा नगरीत मल्लांनी नवे सभागृह बांधले, तेव्हा तेथे रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर त्यांनी भिक्खुसंघासमोर सारिपुत्तांना सांगितले, की माझी पाठ दुखते आहे, मी जरा आडवा होतो, संघाला तुम्ही धम्म सांगा. मग चीवराची चौपदरी घडी अंथरून ते उजव्या कुशीवर पहुडले. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात असेच घडले. तेथे आनंदांनी प्रवचन केले. सावत्थीला एकदा वाताचा त्रास झाला, तेव्हा उपवाण भिक्खूंनी देवहित नावाच्या ब्राह्मणाकडून गरम पाणी व काकवी मिळवली. त्या पाण्याने त्यांना स्नान घातले आणि काकवी पाण्यात कालवून पाजली. सावत्थीलाच पूर्वारामात ते संध्याकाळच्या उन्हात पाठ शेकत बसलेले आपल्याला दिसतात. आनंद त्यांचे अंग चोळता चोळता सुरकुत्यांबद्दल आश्चर्याने बोलतात आणि तथागत त्यांचे म्हणणे शांतपणे मान्य करतात. ऐंशीव्या वर्षी तर त्यांनी आपल्या देहाला दोऱ्या-पट्ट्यांनी बांधून कशीबशी चालवलेल्या जुनाट गाडीची उपमा दिली. खिळखिळ्या एसटीतून आयुष्य काढलेल्या आपल्या पिढीला ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या प्रसंगांत कुठेही लपवाछपवी नाही आणि कण्हणेही नाही. दुखते आहे हे चारचौघांत सांगितले, उपाय केला, आणि काम दुसऱ्याच्या हाती दिले. ही तिसरी गोष्ट आपल्याला सर्वांत जड जाते. संस्थांच्या, विहारांच्या, मंडळांच्या बैठकांतून पाहावे. मान धरलेली, ऐकू कमी येते, तरी खुर्ची सुटत नाही. माझी पाठ दुखते आहे, तुम्ही बोला, असे म्हणणारा अध्यक्ष मी अद्याप पाहिलेला नाही. (मीही एका मंडळाचा सचिव होतो. नऊ वर्षे.)

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, त्या बाबासाहेबांचे अखेरचे पर्व मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी पोखरलेले होते. त्याच काळात त्यांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ सिद्ध केला. तो १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. बाबासाहेब गेले ते पासष्टाव्या वर्षी. आज ज्या वयात एसटीचे अर्धे तिकीट सुरू होते, ते हे वय. आपल्या किरकोळ तक्रारींचा पाढा वाचताना हा हिशोब डोळ्यांपुढे आला की आवाज आपोआप खाली येतो.

आता एक मागणी. पासष्टी-सत्तरीची कित्येक माणसे हल्ली पौर्णिमेच्या वंदनेला येत नाहीत. श्रद्धा उणावली, असे तरुण समजतात. उणावले आहे ते गुडघ्यांतले वंगण. सतरंजीवर मांडी घालता येत नाही, पंचांग प्रणाम केल्यावर उठता येत नाही, आणि दोघांनी बगलेत धरून उठवण्याची शरम वाटते. त्यापेक्षा घरी बसलेले बरे. विहारात आणि आपल्या शाळेच्या सभागृहात मागच्या बाजूला दहा-पंधरा खुर्च्या कायमच्या मांडाव्यात. कोणी मागण्याची वाट पाहू नये, कारण आपली माणसे मागणार नाहीत. मेळाव्याच्या दिवशी भोजनापूर्वी रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय असावी. आपल्यापैकी डॉक्टर, परिचारिका झालेले पुष्कळ आहेत. भोजनानंतर ठेवली तर एकही आकडा खरा येणार नाही.

पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य झाला आहे. आमचा साताऱ्याचा एक मित्र या सवलतीची वाट शाळेच्या घंटेसारखी पाहत होता. गेल्या पावसाळ्यात तो सांगलीला आला, साखर तपासली, माझ्याकडे बिनसाखरेचा चहा घेतला आणि परतीच्या गाडीला निघाला. साताऱ्यात रक्त तपासत नाहीत का, असे मी विचारले.

‘तपासतात की,’ तो म्हणाला, ‘पण आकडा सांगायला तिथे तू नसतोस.’