घरचें आरोग्य : श्वासयंत्र आणि सावळ घाट

पेठ येथें नोकरीनिमित्त बिऱ्हाड करून राहिलेल्या एका वाचक गृहस्थांनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, फ्लूसारख्या तापानें घरचें कर्तें माणूस अत्यवस्थ झाल्यास त्यास नाशिकला केव्हां हलवावें? आणि एकदां श्वासयंत्रास लाविलेला रोगी घरीं परत येतो काय? दुसऱ्या प्रश्नाचा उलगडा झाला म्हणजे पहिल्याचें उत्तर सोपें होतें. म्हणून तोच आधीं घेऊं.

इन्फ्लुएन्झा असो वा कोविड, बहुतेक प्रौढ माणसें घरींच बरीं होतात. थोड्यांच्या बाबतींत मात्र दाह फुप्फुसांच्या खोल कोशांपर्यंत पोंचतो, तेथें द्रव सांचतो आणि रक्तास पुरेसा प्राणवायु मिळेनासा होतो. अतिदक्षता विभागांतील यंत्र विषाणूस मारीत नाहीं. फुप्फुसें सावरेपर्यंत तें श्वासाचें ओझें वाहतें. रोग्यास अवधि मिळवून देणें, एवढेंच त्याचें काम.

या विद्येचा उदयच एका विषाणूच्या सांथींत झाला. १९५२ सालीं कोपनहेगन येथें पोलिओनें थैमान घातलें. ज्यांचे श्वासाचे स्नायु लुळे पडत, त्यांपैकीं शंभरांत ऐंशींहून अधिक दगावत. डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनीं गळ्यांतून नळी घालून रबरी पिशवीनें हवा देण्याची युक्ति योजिली. सुमारें १५०० विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें, अहोरात्र, त्या पिशव्या हातांनीं दाबल्या आणि मृत्यूंचें प्रमाण निम्म्यावर आलें. पोलिओवर औषध तेव्हां नव्हतें, आजहि नाहीं.

पुढें या विद्येंत भर पडत गेली. यंत्रावरील अतिगंभीर रोग्यास दिवसाचे सोळा तास पालथें निजविल्यास मृत्यूंचें प्रमाण शंभरांत सुमारें ३३ वरून १६ वर येतें, असें मुख्यतः फ्रान्समधील डॉक्टरांनीं २०१३ मध्यें दाखविलें. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधानें कोविडच्या यंत्रावरील रोग्यांचे मृत्यु एकतृतीयांशानें घटतात, हें ब्रिटनमध्यें २०२० सालीं सिद्ध झालें. परंतु ज्यांस प्राणवायु लागत नाहीं, त्यांस त्याचा लाभ नाहीं. मधुमेह्याची साखर तर त्यानें भडकते. तेव्हां शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून तें कोणीं आणूं नये. फ्लूवरील ओसेल्टामिव्हिर पहिल्या दोन दिवसांत सुरू झालें तर अधिक उपयोगी पडतें, आणि तेंहि डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच.

यंत्रावरून सगळेच परततात असें आम्ही म्हणणार नाहीं. पुष्कळ परततात, मात्र कित्येकांस उठून चालावयास आठवडे लागतात, झोंप व स्मरण यांतहि बिघाड होतो. घरच्यांनीं हें आळसावर घालूं नये.

आतां पहिला प्रश्न. पेठ ते नाशिक हें अंतर पन्नास किलोमीटरांहून अधिक, त्यांत सावळ घाट, त्यांत आषाढ-श्रावणांतील पाऊस. यास्तव पेठकरांनीं शहरवासीयांपेक्षां आधीं निघावें. बोटास लावावयाचा ऑक्सिमीटर घरीं असूं द्यावा. नखरंग वा मेंदी असल्यास आंकडा चुकूं शकतो. ९४ अथवा त्याहून कमी आंकडा आला, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. ९० च्या खालीं गेल्यास क्षणाचाहि विलंब नको. स्वस्थ बसलें असतां मिनिटास चोवीसांहून अधिक श्वास, बोलतांना धाप, ओंठ निळसर, भ्रम, अथवा उतरलेला ताप पुन्हां चढणें, हींहि धोक्याचीं चिन्हें होत. रोगी "मला बरें वाटतें" म्हणतो यावर विसंबूं नये. कोविडांत प्राणवायु घटला असतांहि कित्येकांस धाप जाणवत नसे. अशा वेळीं १०८ क्रमांकास कळवावें व वाटेंत प्राणवायूची सोय मागावी.

शहरांतहि हा धागा किती नाजूक असतो, तें नाशिककर जाणतात. २१ एप्रिल २०२१ रोजीं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा तुटला आणि किमान २२ रोगी प्राणांस मुकले. म्हणून तेथवर जाण्याची पाळीच न येईल तर उत्तम. साठीपुढील माणसांनीं, तसेंच मधुमेही व दमेकऱ्यांनीं फ्लूच्या वार्षिक लसीविषयीं डॉक्टरांस अवश्य विचारावें. रोग्याचीं नित्य औषधें कागदावर लिहून ठेवावीं. गाडी कोणाची व सोबत कोण, हें घर निरोगी असतांनाच ठरवावें. श्वासयंत्र अवधि देतें खरें, पण घाटाअलीकडे दवडलेला अवधि तें परत देऊं शकत नाहीं.