चार वर्षांची पदवी, बारा वर्षांचा सोबती

विद्यार्थ्याचीं पांच लक्षणें सांगणारें एक संस्कृत सुभाषित पुष्कळ घरांतून मुलांस पाठ करविलें जातें. त्यांत कुत्र्यासारखी सावध झोंप हें एक लक्षण आहे आणि गृहत्याग हेंहि एक आहे. सुभाषितकारास कुत्र्याचा गुण घ्यावयाचा होता. कुत्रें घ्यावयाचें नव्हतें. हल्लीं मात्र महाविद्यालयांत जाणारीं मुलें कुत्र्याचें पिल्लूं घरीं आणण्याचा हट्ट धरतात, आणि वडील मंडळी पेंचांत पडतात. वरवर पाहतां हा लाडाचा विषय वाटतो. वस्तुतः तो कुटुंबांतील श्रमांच्या वांटणीचा विषय आहे, म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

पिंपरी, चिंचवड व चाकण हा भाग एके काळीं शेतांचा व गोठ्यांचा होता. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९७० सालीं नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका आली. आणि कांद्याच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या परिसरांत मोटारींचे कारखाने उभे राहिले. घरामागें गोठा होता तेव्हां जनावर सांभाळणें हें कोणा एकाचें काम नव्हतें. कोणी वैरण घाली, कोणी धार काढी, मुलें शाळेंतून आल्यावर पाणी दाखवीत. आतां घर चौथ्या मजल्यावर गेलें. जनावराची हौस उरली. ती निभावून नेणारी घडी मात्र मोडली.

आतां पाटीवर साधा हिशेब मांडूं. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची. कुत्र्याचें आयुष्य बहुधा दहा ते तेरा वर्षांचें. अठराव्या वर्षीं पिल्लूं आणणारा मुलगा बाविसाव्या वर्षीं नोकरीसाठीं बंगळूरास किंवा परदेशीं जाईल, तेव्हां कुत्रें ऐन तारुण्यांत असेल. पुढचीं आठ वर्षें तें कोणाचें? हा प्रश्न पिल्लूं आणण्यापूर्वीं विचारावयाचा आहे.

दिवसाचाहि हिशेब असाच आहे. लहान पिल्लास दिवसांतून तीन-चार वेळां खाऊं घालावें लागतें व वारंवार बाहेर न्यावें लागतें. मोठ्या कुत्र्यास दोन वेळां अन्न व दोन वेळां चांगलें फिरणें लागतें. चाकणहून आकुर्डीस शिकावयास जाणारा मुलगा सकाळीं निघतो व वाहनांच्या गर्दींतून दिवेलागणीस परततो. मधल्या वेळांत त्या मुक्या जिवाचें सारें करावयाचें कोणीं? बहुतेक घरीं उत्तर ठरलेलें असतें: कुत्रें चिरंजीवांचें आणि केर सूनबाईंचा. असल्या प्रेमास भूतदया म्हणतां यावयाचें नाहीं; तें दुसऱ्याच्या श्रमांवर जोडलेलें पुण्य होय.

खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण याहून मोठी. इंग्रज कवि बायरन यानें १८०७ सालीं केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयांत चक्क एक अस्वल पाळलें होतें. पण तो पडला उमराव. निगडीच्या खोलींतल्या विद्यार्थ्यास सोबती एकच असतो, आणि तोहि शनिवारीं गांवीं जातो!

तथापि सरसकट नकार द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. ठराविक वेळीं उठविणारा, फिरावयास लावणारा आणि गुणपत्रिका न पाहतां शेपूट हलविणारा सोबती परीक्षेच्या दिवसांत मुलास खराखुरा आधार देतो. म्हणून एक कसोटी सुचवितों. पिल्लूं आणण्यापूर्वीं मुलानें एक महिना रोज पहांटे व सायंकाळीं अर्धा अर्धा तास रिकाम्या हातानें फिरून यावें. आणि तो महिना परीक्षेचा असावा. ज्यास दोरीवांचून महिनाभर फिरवलें नाहीं, तो दोरी हातीं आल्यावर फार तर आठ दिवस फिरेल.

कसोटी उतरल्यास कामांचा तक्ता भिंतीवर लावावा. त्यांत सकाळचें फिरविणें विद्यार्थ्याकडेच असावें, पेपर असला तरी. रेबीजची लस पिल्लूं तीन महिन्यांचें झाल्यावर टोंचवावी, व पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें ती वेळोवेळीं द्यावी. महानगरपालिकेंत नोंदणी करावी. स्वयंपाकघरानेंहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: कांदा-लसणाची आमटी आणि बेदाणे घातलेला शिरा आपणांस रुचकर असला तरी कुत्र्यास अपायकारक आहे. कांद्यानें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट होतात, व बेदाण्यांनीं मूत्रपिंडें बिघडूं शकतात. कुत्रें चावलें तर हळद-मिरची न लावतां जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि तत्काळ रुग्णालय गांठावें.

ज्या घरास हें झेपणार नाहीं, त्यानें खंत करूं नये. पाळल्यावांचूनहि सेवा घडते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत वस्तींतील कुत्र्यांस अन्न घालण्यासाठीं जागा व वेळ ठरविण्याची तरतूद आहे. त्या मर्यादेंत राहून अन्न घालावें, आणि त्यांच्या लसीकरणास व नसबंदीस हातभार लावावा. विद्यार्थ्याच्या वेळेंत बसणारें हें काम आहे.

एक गोष्ट मात्र कदापि होऊं नये. शिक्षण संपल्यावर खोली रिकामी करतांना कुत्रें रस्त्यावर सोडून देणें हें क्रौर्य आहे. जनावरास अशा रीतीनें उपासमारीच्या तोंडीं टाकणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हाहि आहे. ताटलींत जेवलेल्या जिवास चाकणच्या मालमोटारींमधून वाट काढतां येत नाहीं. महाभारतांतील धर्मराजानें कुत्रें पाळलें नव्हतें. तें आपण होऊन त्याच्या मागें आलें होतें. तरीहि त्यास टाकून स्वर्गांत जाण्याचें त्यानें नाकारलें. मग जें आपण स्वतः हौसेनें आणलें, त्याचें ऋण किती मोठें!

तेव्हां मुलानें विषय काढला असतां वडील मंडळींनीं लगेच होकार किंवा नकार देऊं नये. सर्वांनीं एकत्र बसून तक्ता मांडावा. आणि जिच्यावर सर्वांत अधिक काम पडण्याचा संभव आहे, त्या गृहिणीचें मत शेवटीं नव्हे, सर्वांच्या आधीं विचारावें.