यंत्र मंद की प्रश्न मंद?

'सर्व्हर डाऊन आहे' हे तीन शब्द आज आमगावच्या सेवा केंद्रापासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत सारख्याच निर्विकारपणे उच्चारले जातात. धानाच्या आधारभूत खरेदीची नोंदणी असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की सातबाऱ्याचा उतारा असो. हे शब्द कानी पडले की माणूस त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडतो आणि उद्या पुन्हा रांगेत उभा राहतो. दोष यंत्राचा, हे सर्वांनी गृहीतच धरले आहे. आणि दोष यंत्राचा म्हटला की उपायही ठरलेला : अधिक मोठे यंत्र विकत घ्यावे. सार्वजनिक पैशाचा हा व्यय दर वेळी अटळ असतो काय, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

वीज, दूरसंचाराची तार आणि शेवटच्या तारखेची झुंबड ही विलंबाची खरी कारणे आहेत, यात शंका नाही. परंतु आणखी एक कारण आहे, ते बाहेरून दिसत नाही. यंत्राला प्रश्न कसा विचारला गेला आणि उत्तर शोधण्यासाठी त्याने कोणता मार्ग धरला, यावर त्याचा वेग मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. हा मार्ग तपासून सुधारण्याच्या विद्येला जगाच्या बाजारात चांगले मोल आहे, आणि तिचे थेट वर्ग आता घरबसल्या दूरस्थ पद्धतीने भरतात.

तलाठ्याचे जुने दप्तर ज्यांनी पाहिले असेल त्यांना या विद्येचे मर्म कळावयास संगणकाची गरज नाही. सातबारा हा भूमापन अथवा गट क्रमांकाने लावलेला असतो. अमुक खातेदाराची गावात एकंदर जमीन किती, असे कोणी विचारले तर त्या दप्तराचे पानन्‌पान उलटावे लागेल. ही यातायात वाचावी म्हणूनच गाव नमुना आठ-अ हे खात्यांच्या क्रमाने लावलेले वेगळे पुस्तक ठेवण्यात आले. संगणकाचे जाणकार ज्याला 'इंडेक्स' म्हणतात तो याहून निराळा नाही. मात्र ही सोय फुकट मिळत नाही. फेरफार मंजूर झाला की दोन्हीकडची नोंद दुरुस्त करावी लागते. शोध स्वस्त होतो, पण नोंद महाग होते. कोणता खर्च पत्करावा आणि कोणता टाळावा, ही निवड येथे माणसालाच करावी लागते.

या निवडीचे माप केवढे असते ते पाहा. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकावर आहेत. 1 मे 2018 पासून त्यांचे डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. एका पानावर शंभर नोंदी मावतात असे धरले, तर सूची नसताना एका उत्तरासाठी अडीच लाख पाने चाळावी लागतील. तेच प्रत्येक पायरीला शंभर फाटे असलेली सूची असेल, तर चार पायऱ्यांत दहा कोटी नोंदींतूनही हवी ती हाती लागते. हे उदाहरण हिशेबापुरते आहे. शासनाची व्यवस्था आतून कशी बांधली आहे यावरचा तो अभिप्राय नव्हे. परंतु अडीच लाखांचे काम चारांवर आणणारा उपाय हाताशी असताना यंत्राची ताकद दुप्पट करून आपण काय साधतो? अडीच लाखांचे सव्वा लाख, एवढेच.

1970 साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी मांडलेल्या विचाराचे सार असे की, माणसाने काय हवे तेवढे सांगावे. ते कसे शोधावे ही चिंता यंत्रावर सोपवावी. 1979 साली पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राने हा मार्ग कसा निवडावा याची रीत दाखविली : संभाव्य मार्गांच्या खर्चाचा अंदाज करावयाचा आणि सर्वांत स्वस्त तो पत्करावयाचा. या अंदाजाला संगणकशास्त्रात आजही 'कॉस्ट' असेच नाव आहे. आता अंदाज म्हटला की आकडेवारी आली, आणि आकडेवारी शिळी असली की अंदाज फसतो. 2021 ची जनगणना लांबल्यानंतर 2011 च्या आकड्यांवर योजना आखण्याची पाळी ज्या देशावर आली, त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको.

हे सारे पुस्तकात आहे, मग वर्ग कशाला? कारण असे की महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला दहा-वीस नोंदींचा तक्ता दिला जातो. दहा नोंदींवर वाईट प्रश्नही क्षणात सुटतो आणि चांगलाही. दोहोंतला भेद कळण्याचा संभवच नाही. विद्यार्थी उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो आणि नोकरीत पहिल्यांदाच कोट्यवधी नोंदींसमोर उभा राहतो. थेट वर्गात शिक्षक त्याच्या डोळ्यांदेखत प्रश्न चालवितो, यंत्राने आखलेला मार्ग उघडून दाखवितो आणि यंत्र येथे का फसले ते विचारतो. ध्वनिचित्रमुद्रित पाठाला प्रतिप्रश्न करता येत नाही, हा त्यातील फरक.

असे शिक्षण मोठ्या प्रमाणावर देता येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. आयआयटी मुंबईतील प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरच्या केंद्रांत बसलेल्या हजारो अध्यापकांना पवईहून एकाच वेळी थेट शिकविण्याचा उपक्रम राबविला गेला. 2013 साली डेटाबेस हा विषयही त्यात आला. तो उपक्रम अध्यापकांसाठी होता. आज बाजारात जे थेट वर्ग आहेत त्यांची भाषा बहुधा इंग्रजी असते, शुल्क पुष्कळदा डॉलरमध्ये आणि वेळ परदेशी घड्याळाची. घरात पोवारी, वर्गात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आमगावच्या मुलाने या तीन भिंती ओलांडाव्या, ही अपेक्षा कागदावरच बरी दिसते.

वास्तविक साधनांचा खर्च येथे जवळजवळ नाही. बर्कले विद्यापीठातील प्रकल्पातून पुढे आलेली पोस्टग्रेएसक्यूएल ही प्रणाली विनामूल्य आहे. साध्या संगणकावर एका आज्ञेने कोटभर काल्पनिक नोंदी निर्माण करता येतात, म्हणजे कोणाचा खरा सातबारा उघडण्याचेही कारण उरत नाही. उणीव आहे ती मार्गदर्शकाची.

2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम खेड्यापाड्यांत पोचला, त्यात तरुणांच्या ज्ञानलालसेइतकाच शासकीय नोकरीच्या अटीचाही वाटा होता. मागणी निर्माण झाली आणि पुरवठा तिच्यामागून आला. परंतु त्या अभ्यासक्रमाने पडदा वापरावयास शिकविले. पडद्यामागे काय घडते हे शिकविण्याची पायरी त्यानंतर यावयास हवी होती, ती आली नाही. आपल्या माहितीप्रणालींची देखभाल कंत्राटाने देताना शासनाने एक अट घालावी : कंत्राटदाराच्या जाणकाराने आठवड्यातून दोन सायंकाळी मराठीतून थेट वर्ग घ्यावा आणि त्यात जिल्ह्याच्या कचेऱ्यांतील लिपिक व महाविद्यालयांतील विद्यार्थी एकत्र बसावेत. कोणता अर्ज कोठे अडतो हे लिपिकाला ठाऊक असते, तो का अडतो हे शोधण्याची उमेद विद्यार्थ्याजवळ असते.

महाविद्यालयांना हे परके वाटण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनी 'स्वयम'वरील अभ्यासक्रमांतून चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळविण्याची मुभा दिली आहे. दूरस्थ शिक्षणाला श्रेयांक देण्याचे तत्त्व तेथे मान्य झालेच आहे. जिल्ह्याच्या वर्गासाठी त्याच धर्तीवर चार श्रेयांकांची तरतूद विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला आपल्या एखाद्या बैठकीत करता येईल.