मानेतली प्रत्येक गाठ टीबीची नसते

लातूर जिल्ह्यात चाकूरकडच्या खेड्यात कुणाच्या मानेत गाठ दिसली की घरचे गंडमाळ म्हणतात आणि डॉक्टरांना टीबीची शंका येते. एचआयव्ही असलेल्यांत ही शंका पुष्कळदा खरीही ठरते. घोटाळा तिथेच होतो. गाठीचा तुकडा न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, तर ती गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची, असल्याचं कळेपर्यंत महत्त्वाचे महिने हातचे जातात.

एचआयव्हीने प्रतिकारशक्ती ढासळली की एपस्टीन-बारसारख्या विषाणूंना रान मोकळं मिळतं, हे लिम्फोमाचं कारण जुनंच. पण एआरटीने, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधांनी, प्रतिकारशक्तीच्या सीडी4 पेशींची संख्या सुधारल्यावर लिम्फोमाचा धोका घटतो, संपत नाही. असं का?

इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठात अर्नाल्दो कारुसो यांच्या गटाने एचआयव्हीच्याच पी17 या प्रथिनाकडे बोट दाखवलं. 132 अमिनो आम्लांचं हे प्रथिन विषाणूच्या वेष्टनाला आतून अस्तरासारखं असतं. त्याचा नेहमीचा प्रकार प्रयोगशाळेत बी पेशींची, म्हणजे ज्यांच्यापासून असे लिम्फोमा बहुधा होतात त्या पेशींची, वाढ रोखतो. शेपटाशी काही अमिनो आम्लं जादा घुसलेले प्रकार मात्र ती वाढवतात, आणि 2015 मधल्या शोधनिबंधानुसार लिम्फोमाच्या रुग्णांत ते जास्त सापडले. शिवाय एआरटी नव्या पेशींची लागण थांबवते. आधीच बाधित पेशींतून पी17 बाहेर पडणं ती थांबवत नाही. एवढ्यावरून कर्करोगाचं खापर एकट्या पी17वर फोडणं घाईचं होईल, पण दुर्लक्ष करण्याजोगी ही गोष्ट नाही.

आपल्याकडे तर नाहीच. भारतात मुख्यतः एचआयव्हीचा सी उपप्रकार चालतो, पाश्चात्त्य देशांत बी. तिकडचे निष्कर्ष इकडे जसेच्या तसे कसे लावणार? शिवाय आपल्याकडचे रुग्ण आता वयाने वाढताहेत. औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांनी 2007 मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं, तिथली मुलं आता तरुण झाली आहेत. सरकारी मोफत एआरटी 2004 पासूनची. म्हणजे जन्मापासून विषाणू अंगात वागवत चाळिशी-पन्नाशी गाठणारी पिढी मराठवाड्यात पहिल्यांदाच तयार होते आहे.

तेव्हा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दिसत नाही म्हणून गाठीकडे काणाडोळा नको. तुकडा चाकूरच्या ग्रामीण रुग्णालयातच काढावा. लातूरच्या खेपा नमुन्याने घालाव्यात, मजुरी बुडवून रुग्णाने नव्हे. आणखी एक. औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूची जनुकीय तपासणी साधारणपणे त्याच्या जनुकांतल्या पोल भागापुरतीच होते. पी17 मात्र गॅग भागात असतं. लिम्फोमाच्या रुग्णांच्या नमुन्यांत तोही वाचला जावा. त्यासाठी पुण्यात भोसरीला 1992 पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहेच.