भात सोडू नका, ढीग कमी करा

आमच्या आमगाव तालुक्यात वजन कमी करायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, ‘भात बंद कर.’ धानाच्या जिल्ह्यात हा सल्ला आठ दिवसही टिकत नाही. माझ्या मते तो टिकायची गरजही नाही.

आमच्या सासूबाई रोवण्याच्या दिवसांत सकाळी शिळा भात खाऊन बांधीत उतरायच्या आणि दिवेलागणीला घरी यायच्या. दिवसभर चिखलात वाकून काम. त्या कष्टापुढे ताटातला भाताचा ढीगही कमीच पडायचा. आज चिखलणी ट्रॅक्टर करतो, कापणी-मळणी हार्वेस्टर करतो, शेतावर मोटारसायकल जाते. ढीग मात्र तेवढाच आहे. 30 ग्रॅम तांदळात साधारण 100 कॅलरी असतात. एका जेवणाला 200 ग्रॅम तांदळाचा भात झाला, तर जवळपास 700 कॅलरी भातातूनच गेल्या.

माझ्या जावेने जेवण सोडून डब्यातली पावडर सुरू केली होती. वजन भराभर उतरलं, पाठोपाठ चक्कर येऊ लागली, केस मूठभर गळू लागले. जेवण सुरू होताच वजन परत आलं. झटपट उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, मग शरीराला लागणारी ऊर्जाच घटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनात आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली आहे आणि दिवसाला 1000 कॅलरीच्या खाली उतरू नका असं बजावलं आहे. अर्धं ताट भाज्या-फळांचं असावं, हेही त्यातच आहे.

एवढी भाजी आणायची कुठून? परसातला दोडका, अंबाडी, हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा, मामा (माजी मालगुजारी) तलावातले मासे, धान निघाल्यावर त्याच बांधीत येणारा हरभरा आणि लाखोळी. लाखोळीची डाळ अधूनमधूनच खावी. तीच रोजचं मुख्य अन्न झाली तेव्हा माणसांचे पाय लुळे पडल्याचा इतिहास आहे. बाकी सगळं दाराशी आहे. जाऊ आता आधी भाजी आणि घट्ट वरण वाढून घेते, मग वाटीभर भात. तेल मोजून वापरते, संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून फिरून येते. वजन सावकाश उतरतंय आणि चक्कर थांबली आहे.

पण सगळ्याच घरांत बाईला हे जमत नाही. ती शेवटी जेवते. तोवर मासे संपलेले, भाजीच्या कढईत नुसता रस्सा, वरणाचं पाणी. पातेल्यात उरतो तो भात. तो वाया जाऊ नये म्हणून तीच खाते. मग तिचं पोट सुटलं की तिलाच म्हणायचं, तोंडावर ताबा नाही! हा तिच्यावर अन्याय आहे. वर्षानुवर्षं तिच्या वाट्याला उरलेलं आलं, त्याचं हे वजन आहे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचाराच. बाकीच्यांनी पावडरचे पैसे भाजी, डाळ, अंड्यांवर खर्च करावेत. आणि आज रात्री वाढायला बसाल तेव्हा घरातल्या बाईच्या वाटणीची भाजी आणि वरण आधी बाजूला काढून ठेवा.