निळाई गंजाची, चमक हाताची

जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरचे शौकीन ज्या निळ्या रंगावर जीव टाकतात, तो खरं तर गंजाचाच एक प्रकार आहे. पोलाद कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात, साधारण १४० अंश सेल्सिअसला ठेवलं की त्यावर लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. यालाच ब्लूइंग म्हणतात. हा निळसर काळा गंज तांबड्या गंजाला थोडाफार थोपवतो, पण तेलाचा हात फिरवत राहावंच लागतं.

महत्त्वाची गोष्ट अशी, की हा थर काहीही झाकत नाही. रंगाचा लेप खाचखळगे बुजवतो. ब्लूइंगला तेवढी जाडीच नसते. खाली जसं पोलाद, तसंच वर दिसतं.

कोल्ट कंपनीने १९५५ साली ‘पायथन’ हे रिव्हॉल्व्हर आणलं. त्याच्या ‘रॉयल ब्लू’ची आजही वाखाणणी होते. पण ती आरशासारखी खोली रसायनातून आलेली नव्हती. द्रावणात जाण्याआधी पॉलिशच्या चाकावर कारीगराने घातलेल्या वेळातून ती आली होती. चाकावर हात जरा जड पडला की धारदार कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकाभोवती खळगा पडतो, कोरलेली अक्षरं पुसट होतात. म्हणून जाणकार आधी रंग बघत नाही, कडा बघतो.

‘आता तसं पोलादच राहिलं नाही’ असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. आजचं पोलाद आणि संगणकावर चालणारी यंत्रं कमी दर्जाची नाहीत. उलट जुन्या पायथनचे आतले भाग हाताने जुळवलेले असत. खूप वापराने ते बिनसले, की दुरुस्तीलाही तितकाच तयार हात लागे. कमी झाला तो हाताला दिला जाणारा वेळ. स्मिथ अँड वेसन १९३५ पासून काही वर्षं ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ गिऱ्हाइकाच्या मागणीबरहुकूम एकेक करून बनवत होती. त्याच कंपनीने १९६५ साली स्टेनलेस स्टीलचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्याला ब्लूइंगची गरजच नव्हती. मजुरी महागली, गिऱ्हाइकाला स्वस्त हवं होतं. कारीगर आपोआप नाहीसा झाला नाही. त्याच्या तासांचे पैसे द्यायला कोणी तयार राहिलं नाही.

कोणी विचारेल, माणसं मारणाऱ्या वस्तूचं हे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून जास्त जीव गेले, त्यात निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. कितीही सुंदर पॉलिश केलं तरी हा हिशेब पुसला जात नाही. मला हत्यार नको आहे. पण जिथे खोटेपणा लपवायला जागाच नाही, तिथे इमानाने काम करणाऱ्या हाताला सलाम न करणं मला कोतेपणाचं वाटतं. त्या रिव्हॉल्व्हरवर कोल्टचं नाव आहे, पॉलिश करणाऱ्याचं नाही.

आपल्या दख्खनेतलं बिदरीकाम आठवून पाहा. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदी जडवायची, घासून गुळगुळीत करायचं, मग किल्ल्यातली माती आणि नवसागराच्या पाण्याने ते काळं करायचं. चांदी तेवढी पांढरी राहते. इथेही काळा रंग चूक लपवत नाही, उलट दाखवून देतो. आणि तेच भांडं हातात घेऊन आपण कारीगराशी भावात घासाघीस करतो.

जुन्या निळाईसाठी उसासे टाकणं सोपं आहे. आज समोर बसलेल्या कारीगराला त्याच्या तासांची पुरी मजुरी देणं अवघड. कसबाबद्दलचं आपलं प्रेम खरं किती, ते तिथेच कळतं.