दाराची चौकट फ्रेममध्ये असू द्या

रविवारी सकाळी नाशिकहून एक कुटुंब डोंबिवलीला फ्लॅट बघायला आलं होतं. जाहिरातीचे फोटो माझे होते. हॉल 10 बाय 11, लेन्स 14 मिलिमीटरची. गृहस्थांनी दारात चपला काढल्या, खिशातून टेप काढून खिडकीकडची भिंत मोजली आणि बायकोला म्हणाले, ‘‘आईची कॉट इथे बसायची नाही.’’ माझ्या फोटोत तिथे दोन कॉट बसल्या असत्या. त्यानंतर घराच्या कामाला ती लेन्स मी नेली नाही, 24 मिलिमीटरचीच नेतो.

इतक्या वाइड लेन्सने जवळचा सोफा फुगतो, समोरची भिंत लांब पळते आणि मधल्या फरशा ताणल्या जातात. कडेचं गोल घड्याळ अंडाकृती दिसू लागलं, की खोलीचं माप सुटलं म्हणून समजावं. रेरा कायद्याच्या (2016) 12व्या कलमाप्रमाणे खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाई बिल्डरला द्यावी लागते. फोटोग्राफरचा त्या कलमात उल्लेख नाही. पण म्हणून आपण मोकळे झालो, असं मला वाटत नाही. आयुष्यभराची पुंजी घालणारा माणूस आधी आपला फोटो बघतो.

24 मिलिमीटरला जागा पुरत नाही, ही तक्रार खरी आहे. वनबीएचकेत पाठ भिंतीला टेकते. मग खोलीबाहेर पडा. पॅसेजमध्ये, बाल्कनीत, अगदी बाथरूमच्या दारात ट्रायपॉड लावा आणि दाराची चौकट मुद्दाम फ्रेममध्ये घ्या. दार साधारण 7 फुटी असतं हे डोळ्याला सवयीने ठाऊक असतं, त्या मापाने बघणारा बाकीची खोली मोजतो. तरीही खोली मावली नाही, तर दोन फोटो द्या. कॅमेरा छातीच्या उंचीवर, स्वयंपाकघरात ओट्याच्या जरा वर, आणि लेव्हलमध्ये ठेवा, म्हणजे भिंती कलणार नाहीत. ट्यूबलाइट बंद करा. तिचा 6500 केल्विनचा पांढरा आणि दिव्यांचा 2700चा पिवळा एकाच भिंतीवर पडला, तर रंगाची खरी छटा हाती लागत नाही.

‘खोली जरा मोठी दाखवा’ असं सांगणारा दलाल उद्याही भेटेल. त्याला हीच चौकट दाखवा. आम्हीही या अंकापासून घरांच्या प्रत्येक फोटोखाली फोकल लेंग्थ आणि समोरच्या भिंतीची लांबी छापतो आहोत. फोटो पाठवताना दोन्ही आकडे लिहा. भिंत मात्र टेपनेच मोजा.